इंग्रजीचे लहान शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या माणसाला भय वाटतें तें मोठ्या शब्दांचें. कोशांतील लांबलचक शब्द पाठ झाले, कीं इंग्रजी आली, अशी आपली समजूत असते. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढें शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि तिसांहून अधिक वर्षें मराठी शाळेंत मुलांना इंग्रजी शिकविली. सेवानिवृत्त होऊन आतां कांहीं वर्षें झालीं. मागें वळून पाहतांना असें दिसतें, कीं मोठ्या शब्दांनीं माझ्या विद्यार्थ्यांना फारसा दगा दिला नाहीं. कोश उघडला कीं तसा शब्द सांपडतो. दगा दिला तो लहान शब्दांनीं. 'मी', 'तूं', 'तो' हीं सर्वनामें. 'असणें', 'करणें', 'जाणें' हीं क्रियापदें. 'लहान', 'जुना', 'चांगला' हीं विशेषणें. हीं आपण पहिल्या वर्षींच शिकतों, आणि मग तीं आपणांस आलींच असें धरून चालतों. आज मी आपणांशीं बोलणार आहें तें ह्या लहान शब्दांविषयीं.

ह्या गोष्टीकडे माझें लक्ष वेधलें तें एका विद्यार्थिनीमुळें. ही मुलगी मोठी कष्टाळू. परिचारिकेचें शिक्षण घेऊन ती इंग्लंडांतील एका रुग्णालयांत नोकरीस लागली. पहिल्या रजेंत गांवीं आली तेव्हां मला भेटावयास आली. चहा झाला, विचारपूस झाली आणि मग ती म्हणाली, "गुरुजी, तुमचें व्याकरण मीं तेथें एकदांही मोडलें नाहीं. तरी तीन महिन्यांच्या आंत माझ्याविरुद्ध तक्रार गेली, कीं ही मुलगी उर्मट आहे. वरिष्ठांपुढें उभें राहावें लागलें आणि कायम होण्याची मुदत लांबली." मीं विचारलें, "तूं बोललीस तरी काय?" ती म्हणाली, "सोबतच्या परिचारिकेला म्हटलें, 'यू गिव्ह मी द चार्ट.' वरिष्ठ बाईंना म्हटलें, 'आय् वाँट लीव्ह ऑन फ्रायडे.' यांत चुकलें कोठें, तें तुम्हीच सांगा."

मीं तीं वाक्यें मनांत घोळविलीं. कर्ता, क्रियापद, कर्म, सर्व जागच्या जागीं होतें. परीक्षेंत मीं दहापैकीं दहा गुण दिले असते. देणारच, कारण तीं वाक्यें मींच शिकविलेलीं होतीं. 'तुम्ही मला तो कागद द्या' ह्याचें भाषांतर काय? 'मला शुक्रवारीं रजा हवी' ह्याचें काय? फळ्यावर मींच लिहून दिलें होतें. मुलीनें तें जसेंच्या तसें सातासमुद्रांपलीकडे नेलें आणि त्यापायीं बोलणीं खाल्लीं. त्या दिवशीं मला नीट झोंप लागली नाहीं. मग हळूहळू वाचीत गेलों, इंग्रजी बोलणारीं माणसें कशीं बोलतात तें ऐकत गेलों, आणि जें उमगलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

आरंभ 'यू' ह्या शब्दापासून करूं. आपल्या मराठींत समोरच्याशीं बोलतांना तीन पायऱ्या आहेत: तूं, तुम्ही आणि आपण. आईला 'तूं', वडिलांना पुष्कळ घरांत 'अहो, तुम्ही', अनोळखी वडीलधाऱ्या गृहस्थांना 'आपण'. पायरी चुकली तर घरांत लगेच कोणी तरी डोळे वटारतें. इंग्रजींतही पूर्वीं दोन पायऱ्या होत्या. एकाशीं बोलावयाचें तर 'दाऊ', अनेकांशीं बोलावयाचें तर 'ये' आणि 'यू'. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच रीतीचें अनुकरण होऊन एकाच मोठ्या माणसालाही आदरार्थीं अनेकवचन लावूं लागले. पुढें हा आदर इतका सढळ झाला, कीं जो तो ज्याला त्याला 'यू' म्हणूं लागला. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स व त्याचे क्वेकर पंथी अनुयायी राजापासून रंकापर्यंत सर्वांना हट्टानें 'दाऊ' म्हणत. देवापुढें सर्व सारखे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यासाठीं त्यांनीं लोकांचा मारही खाल्ला. पण लोकव्यवहार उलट दिशेनें गेला. ते शतक संपेपर्यंत 'दाऊ' हा शब्द प्रतिष्ठितांच्या नित्याच्या बोलण्यांतून जवळजवळ गेला. तो उरला प्रार्थनेंत, काव्यांत आणि यॉर्कशरसारख्या कांहीं भागांतील जुन्या ग्रामीण बोलींत. म्हणजे इंग्रजांनीं 'तूं' टाकून दिलें आणि सर्वांना 'तुम्ही' केलें.

मग प्रश्न असा, कीं सर्वनामांतील आदर गेला, तर तो राहावयास कोठें गेला? माणसांच्या मनांतून तर तो जात नाहीं. तो गेला क्रियापदांत. 'गिव्ह मी' ह्यापेक्षां 'कॅन् यू गिव्ह मी' हें सौम्य. त्याहून 'कुड् यू गिव्ह मी' हें अधिक सौम्य. 'आय् वाँट' ह्याच्या जागीं 'आय् वुड् लाइक', किंवा 'कुड् आय् हॅव्ह' असें म्हणावयाचें. हीं 'कुड्' आणि 'वुड्' मुळांत 'कॅन्' आणि 'विल्' ह्यांचीं भूतकाळाचीं रूपें. मागणी आतांची, आणि रूप मात्र मागल्या काळाचें! त्यामुळें मागणी एक पाऊल मागें सरते आणि ऐकणाऱ्याला 'नाहीं' म्हणावयास थोडी जागा उरते. त्या जागेलाच ते लोक सभ्यता म्हणतात.

हें ऐकून आपणांस वाटेल, कीं काय ही विलायती तऱ्हा. पण थांबा. शेजारणीकडे विरजण मागावयास गेलेली आपली गृहिणी दारांत उभी राहून 'विरजण द्या' असें म्हणत नाहीं. ती म्हणते, 'जरा विरजण हवें होतें.' हवें आहे तें आतां, ह्या क्षणीं. क्रियापद मात्र 'होतें'! कचेरींत साहेबांपुढें गेलेला मनुष्यही म्हणतो, 'जरा विचारावयाचें होतें.' म्हणजे भूतकाळाचा हा आडपडदा आपल्याही घरचाच आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या हातीं ही किल्ली लहानपणापासून होती. ती इंग्रजीच्याही कुलुपाला लागते, एवढें मात्र मीं तिला कधीं सांगितलें नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें आपल्या किती तरी पिढ्यांना इंग्रजी शिकविली, त्या परंपरेचा मला आदरच आहे. दोष पाठमालेचा नव्हे. शब्दाला शब्द जुळला, म्हणजे भाषांतर झालें, असें मानणाऱ्या माझ्यासारख्याचा तो दोष होता.

आतां दुसरें एक सर्वनाम घ्या: 'वुइ'. मराठींत 'आम्ही' म्हटलें, कीं ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण' म्हटलें, कीं तोही आंत आला. 'आम्ही उद्यां लग्नाला जाणार' आणि 'आपण उद्यां लग्नाला जाऊं' ह्यांत केवढें अंतर आहे तें सांगावयास नको. इंग्रजींत ह्या दोहोंना 'वुइ' हा एकच शब्द. ऐकणाऱ्याला आमंत्रण आहे कीं नाहीं, हें प्रसंगावरून ओळखावें लागतें, किंवा 'वुइ ऑल्' अशी पुस्ती जोडावी लागते. येथें श्रीमंती आपल्या भाषेची आहे, हें आपल्या मुलांना अवश्य सांगावें. परकी भाषा शिकतांना आपल्या भाषेचें वैभव कळावें, हा त्या शिक्षणाचा लहान लाभ नव्हे.

इंग्रजींत सर्वनाम वगळतां येत नाहीं, हा मुलांना पडणारा दुसरा पेंच. आपण नुसतें 'जातोस?' असें विचारतों. त्या एका शब्दांत ऐकणारा एक आहे, पुरुष आहे आणि आपल्या जवळचा आहे, हें सर्व येऊन जातें. आपलें क्रियापद प्रत्ययांच्या योगानें बोलतें. हजार वर्षांपूर्वींचें इंग्रजी क्रियापदही असेंच बोलत असे; 'मी', 'तूं', 'तो' आणि 'आम्ही' ह्यांच्यासाठीं निरनिराळे प्रत्यय होते. काळाच्या ओघांत ते झिजले. आज वर्तमानकाळांत उरला आहे तो 'ही गोज्', 'शी सिंग्ज्' ह्यांतला शेवटचा 'स'. तोही मूळचा उत्तरेकडील बोलीचा. 1611 सालीं प्रसिद्ध झालेल्या बायबलाच्या इंग्रजी भाषांतरांत त्या जागीं 'थ' चा प्रत्यय आहे. शेक्सपिअरच्या लेखनांत दोन्ही आढळतात. पुढें 'थ' मागें पडला आणि 'स' राहिला. नेमका हाच एकुलता एक प्रत्यय आमचीं मुलें विसरतात आणि आम्ही तांबड्या शाईनें त्यांच्या वह्या रंगवितों!

प्रत्यय गेल्यामुळें कर्त्यावांचून इंग्रजी वाक्य उभेंच राहत नाहीं. म्हणून 'पाऊस पडतो आहे' ह्याला 'इट् इज् रेनिंग' म्हणावें लागतें. एका मुलानें मला विचारलें होतें, "गुरुजी, हा 'इट्' कोण?" मीं तेव्हां त्याला गप्प बसविलें. खरें उत्तर असें, कीं तो कोणीच नव्हे. कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवावयाची नाहीं, म्हणून तेथें एक बाहुलें बसविलें आहे. प्रश्न मुलाचाच योग्य होता.

आतां सर्वनाम आणि विशेषण ह्यांची जोडी पाहूं. आपण म्हणतों, 'मला भूक लागली', 'मला राग आला', 'मला थंडी वाजते'. भूक, राग आणि थंडी बाहेरून येतात, आणि मी तीं सोसणारा. इंग्रजी बोलणारा म्हणतो, 'आय् ॲम् हंग्री', 'आय् ॲम् अँग्री', 'आय् ॲम् कोल्ड'. तेथें 'मी' पुढें होतो आणि भुकेचें विशेषण होऊन त्याला चिकटतें. मात्र त्यांची भाषा पहिल्यापासून अशी नव्हती. शेक्सपिअरच्या काळापर्यंत 'मीथिंक्स' हा शब्द चांगला रूढ होता. त्याचा अर्थ अगदीं आपल्यासारखा, 'मला वाटतें'. आज नित्य कानीं पडणारें 'इफ् यू प्लीज्' हेंही मुळांत 'आपणांस रुचेल तर' अशाच घडणीचें आहे. जुन्या घराच्या भिंतींत एखादी त्याहून जुनी वीट दिसावी, तसे हे शब्द त्या भाषेंत राहून गेले आहेत.

क्रियापदांची दुसरी तक्रार अनियमितपणाची. 'गो' चें 'वेंट्' कां? 'गोड्' कां नाहीं? प्रत्येक वर्गांत हा प्रश्न निघतो. इंग्रजींत सर्वांत अधिक वापरलीं जाणारीं क्रियापदें पाहा: असणें, जवळ असणें, करणें, म्हणणें, जाणें, मिळणें, बनविणें, जाणणें, घेणें, पाहणें, येणें. ह्यांचे इंग्रजी पर्याय एकजात अनियमित आहेत. हा योगायोग नव्हे. जो शब्द दिवसांतून शंभरदां तोंडीं येतो, त्याचें जुनें रूप मूल आईच्या मांडीवरच शिकतें आणि तें टिकतें. जो शब्द क्वचित् येतो, त्याचें जुनें रूप विसरलें जातें आणि लोक त्याला सरसकट 'ड' चा प्रत्यय लावून मोकळे होतात. 2007 सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ह्याचा हिशोबच मांडला. जुन्या इंग्रजींतील 177 अनियमित क्रियापदें त्यांनीं घेतलीं. त्यांपैकीं आज 98 तेवढीं अनियमित राहिलीं आहेत, आणि टिकलीं तीं मुख्यत्वें नित्य वापरांतलीं. 'वेंट्' हें तर मुळांत 'वेंड्' ह्या निराळ्याच क्रियापदाचें रूप. 'गो' नें तें शेजारघरून आणलें आणि परत केलें नाहीं.

आपल्याकडेही तसेंच आहे. 'बसणें' ह्याचें 'बसला', 'उठणें' ह्याचें 'उठला'. मग 'जाणें' ह्याचें 'गेला' कां? 'येणें' ह्याचें 'आला', 'करणें' ह्याचें 'केला', 'होणें' ह्याचें 'झाला', हें कां? मराठींतलींही नित्याचींच क्रियापदें वांकडीं चालतात. मूल प्रथम 'करला' म्हणतें, आपण हांसतों आणि कांहीं महिन्यांत तें 'केला' म्हणूं लागतें. हें मुलांना समजावून दिलें, तर इंग्रजीच्या अनियमित क्रियापदांची यादी त्यांना छळ वाटणार नाहीं. जुन्या ओळखीच्या माणसांची यादी वाटेल.

विशेषणांच्या बाबतींत इंग्रजी सोपी, असें आपण समजतों. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलें मूल. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं 'गुड्'. लिंग नाहीं, वचन नाहीं. पण एका अंगानें सोडलेली शिस्त भाषा दुसऱ्या अंगानें पाळते. एका नामापूर्वीं अनेक विशेषणें आलीं, तर त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधीं आपलें मत, मग आकारमान, मग वय, मग घडण, मग रंग, मग मूळ स्थान, मग द्रव्य आणि शेवटीं उपयोग. 'अ नाइस् लिट्ल् ओल्ड् ब्राउन् लेदर् बॅग्' असें म्हणतील. 'लेदर् ब्राउन् ओल्ड्' असें कोणी म्हणणार नाहीं. गंमत अशी, कीं हा नियम त्यांच्यापैकीं बहुतेकांना कोणी शिकविलेला नसतो. विचारलें तर सांगतां येणार नाहीं, आणि बोलतांना सहसा चुकणार नाहीं. आपणही 'लाल मोठी मोटार' म्हणण्यापेक्षां 'मोठी लाल मोटार' म्हणतों, आणि कां, तें आपणांस ठाऊक नसतें.

विशेषणांची आणखी एक जोडी सांगितल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. कारण तिच्याशीं माझी एक चूक गुंतलेली आहे. एकदां वर्गांत एक भिडस्त मुलगा धैर्य करून इंग्रजींत बोलावयास उठला. त्याला सांगावयाचें होतें, कीं सुटींत घरीं बसून मला कंटाळा येतो. तो म्हणाला, 'आय् ॲम् बोअरिंग.' वर्ग हांसला. मी सुद्धां हांसलों. मुलगा खालीं बसला आणि त्या वर्षींत पुन्हां इंग्रजींत एक शब्दही बोलला नाहीं. मला दोन शब्दांचें काम होतें. 'बोअर्ड्' म्हणजे कंटाळलेला, 'बोअरिंग' म्हणजे कंटाळवाणा. एवढें सांगितलें असतें, तर तो स्वतःच हांसला असता आणि आयुष्यभर चुकला नसता. मराठी शब्द माझ्या जिभेवर होते. पण इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणें मला कमीपणाचें वाटत असे.

शेवटीं एक नवा वाटणारा पण जुना वाद. 'कोणी तरी आपली छत्री विसरलें आहे' ह्या वाक्यांत विसरणारी व्यक्ति पुरुष कीं स्त्री, हें ठाऊक नाहीं. इंग्रजी बोलणारा सहज 'देअर् अंब्रेला' म्हणतो, म्हणजे एकासाठीं अनेकवचन वापरतो. अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनीं ह्याला दोष देऊन 'हिज्' म्हणावें असें ठरविलें. 1850 सालच्या एका ब्रिटिश कायद्यानेंही पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा असें सांगितलें. परंतु एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून चालत आला आहे आणि जेन ऑस्टिनसारख्या लेखिकेनेंही तो वापरला आहे. स्वतःस पुरुष वा स्त्री न म्हणवणाऱ्या व्यक्तींसाठींही आतां तो वापरूं लागले असून, 2019 सालीं मेरिअम-वेब्स्टर ह्या अमेरिकन कोशानें त्यालाच वर्षाचा शब्द ठरविलें. कांहीं वृद्ध मंडळी ह्यानें अस्वस्थ होतात. त्यांनीं एवढेंच आठवावें, कीं ज्या 'यू' नें आपण आज एकट्या माणसाला हांक मारतों, तोही मूळचा अनेकवचनीच. आणि 'वडील बाहेर गेले आहेत' म्हणणाऱ्या आपणां मराठी माणसांना एकासाठीं अनेकवचनाचें नवल वाटण्याचें कारणच नाहीं.

तर श्रोते हो, व्याकरण नको, असें मी म्हणत नाहीं. व्याकरणानें वाक्य शुद्ध होतें. पण तें कोणाच्या कानांवर, कोणत्या वेळीं पडणार आहे, ह्याचा विचार व्याकरण करीत नाहीं. तो बोलणाऱ्यानें करावयाचा असतो. महाराष्ट्रांत 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. म्हणजे आपलीं नातवंडें हे लहान शब्द फारच लहान वयांत उच्चारूं लागतात. घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढेंच करावें: मूल 'गिव्ह मी वॉटर' म्हणालें, तर शुद्ध बोललें म्हणून नुसती पाठ थोपटूं नये, 'हेंच आजीकडे कसें मागशील?' असें विचारावें. आणि मूल चुकलें, तर हांसूं नये.

माझ्या त्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. तिच्या कक्षांतील एका वयस्क परिचारिकेनें तिला जवळ बसवून चार वाक्यें नीट करून दिलीं. लांबलेली मुदत संपली आणि ती कायम झाली. आतां आपल्याकडून नव्यानें तेथें येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशीं 'कुड् आय्' आणि 'वुड् यू' शिकविते. पुढच्या खेपेस भेटली तेव्हां म्हणाली, "गुरुजी, त्यांना मी विरजणाचीच गोष्ट सांगतें. लगेच कळतें." मीं तीस वर्षांत जें केलें नाहीं, तें ती करीत आहे. माझ्या हातीं आतां खडू नाहीं आणि समोर फळाही नाहीं. म्हणून राहिलेला धडा आज आपणांपुढें वाचला.